'सर्वात मोठा मूळ आकडा' म्हणावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेच्या फळ्यावर ओळ लिहिली होती: 'जगातला सर्वात मोठा मूळ आकडा सापडला.' तिथल्या सरांचा प्रश्न आहे की यात 'आकडा' चालतो का, आणि बाकीची ओळ बरोबर आहे का. (मूळ संख्या म्हणजे 1 पेक्षा मोठी अशी संख्या, जिला 1 आणि ती स्वतः सोडून कशानेही पूर्ण भाग जात नाही.)

आकडा बोलण्यात चालतो. पण सर, आपल्या इकडे आकडा म्हटला की आधी विजेच्या तारेवर टाकलेला आठवतो, मग सट्ट्याचा. गणिताचा नंबर तिसरा. शिवाय अंक आणि संख्या यांतला फरक 'आकडा' गिळून टाकतो. अंक दहाच, 0 ते 9. संख्या त्या अंकांनी लिहायची. इथे हा फरक फार महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकी संशोधकाला सापडलेली ही संख्या 4,10,24,320 अंकी आहे. 'चार कोटींचा आकडा' असं लिहिलं तर पोरं चार कोटी हीच संख्या समजतील, आणि ती तर जेमतेम आठ अंकी! ही मात्र सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचली तरी सव्वा वर्षाच्या वर लागेल. फळ्यावर ती मावते ती अशी: 2 चा 136279841 वा घात, वजा 1.

खरी चूक 'सर्वात मोठा' मध्ये आहे. (शुद्धलेखन म्हणाल तर 'सर्वांत', अनुस्वारासह.) सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच, हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. हाती असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात 1 मिळवा. येणाऱ्या संख्येला यादीतल्या कुणानेही भागलं तरी बाकी 1 उरते. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच. नवी संख्या स्वतः मूळ असेलच असं नाही: 2 पासून 13 पर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या तर 30031 येते, आणि ती 59 गुणिले 509 आहे. पण 59 आणि 509 दोन्ही नवीनच ना!

इतकंच काय, कोणत्याही मूळ संख्येच्या आणि तिच्या दुपटीच्या मध्ये आणखी एक तरी मूळ संख्या असतेच, हे रशियन गणिती चेबिशेव्हने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. ड्युरंटच्या संख्येपुढेही ती आहे. कोणती, ते कुणाला ठाऊक नाही. तेव्हा 'ज्ञात' हा शब्द घालायलाच हवा: 'आतापर्यंत ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या'. 'सापडली' हे क्रियापद मला पटतं. संख्या कुणी घडवली नाही, ती होतीच.

'मूळ' ऐवजी काही जण 'अविभाज्य' लिहितात, तेही चूक नाही. पाठ्यपुस्तकात 'मूळ' आहे म्हणून शाळेत तेच ठेवा. फक्त दहावीच्या वर्गात वर्गसमीकरणाची 'मुळे' आली की एकदा स्पष्ट सांगा: 4 हे 16 चं वर्गमूळ आहे, पण 4 मूळ संख्या नाही.