शाहीर, लोकगायक आणि लोकशाहीर

प्रश्न असा आहे: शाहीर साबळे यांच्या जीवनावरच्या, केदार शिंदे दिग्दर्शित 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) या चित्रपटाच्या परीक्षणांत साबळ्यांना कुणी 'शाहीर' म्हणतं, कुणी 'लोकगायक'. दोन्ही एकच का? आणि 'शाहीरांचा' की 'शाहिरांचा'?

एकच नव्हेत. 'शाहीर'चं मूळ अरबी 'शाइर', म्हणजे कवी. उर्दूतला 'शायर' त्याचाच सख्खा भाऊ. मराठीत आल्यावर या कवीच्या हाती डफ आला, पण रचणं सुटलं नाही. अफझलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास शाहीर, लावण्या रचणारे राम जोशीही शाहीरच. पोवाडा नुसता गात नाहीत. शाहीर चार ओळी गातो, डफ थांबवतो, प्रसंग गद्यात सांगतो, आवाज चढवत नेतो आणि ऐन क्षणी झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार गायक, 'जी जी रं जी'ची झील उचलतात.

म्हणून परीक्षणात शब्द बदलला की मोजमापही बदलतं. लोकगायकावरचा चित्रपट गाण्यांवर जोखता येतो. शाहिरावरच्या चित्रपटात निवेदन, अभिनय, झील आणि समोरच्या गर्दीशी चाललेला संवाद, हे सगळं पाहावं लागतं. 'जय जय महाराष्ट्र माझा' साबळ्यांनी गायलं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. तेवढंच धरलं तर ते गायक. 'यमराज्यात एक रात्र'सारखं त्यांचं मुक्तनाट्य (लोकनाट्याच्या वळणाचं मोकळं नाटक) धरलं, तर 'गायक' फार तोकडा पडतो.

'लोकशाहीर' आणखी वेगळा. 'लोकगायक'मधला 'लोक' परंपरेचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या नावामागचा 'लोक' म्हणजे जनता, चळवळीतली. (हा फरक परीक्षणांत सर्रास पुसला जातो, आणि तो खरंच जपायला हवा.)

उलट, 'अमर सिंग चमकिला' (२०२४) या चित्रपटाबद्दल लिहिताना 'लोकगायक'च बरा. पंजाबी गायक चमकिला गाणी स्वतः रचत, तरी ती पंजाबी अखाड्यातली, म्हणजे तिथल्या खुल्या गाण्याच्या कार्यक्रमांतली, द्वंद्वगीतं. तिथे 'शाहीर' लिहिलं तर मराठी वाचक पोवाडा शोधत बसेल.

आता लेखन. मूळ शब्दात 'ही' दीर्घ, 'शाहिर' चूक. प्रत्यय लागताना ती ऱ्हस्व होते: गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, तसं शाहीर–शाहिराला, शाहिरांचा. 'शाहिरी'तही 'हि' ऱ्हस्वच. मात्र 'शाहीर साबळे यांचा' यात प्रत्यय शाहिराला लागलेलाच नाही, म्हणून दीर्घ. चित्रपटाचं नाव अवतरणात असेल तर तेही जसंच्या तसं ठेवावं: 'महाराष्ट्र शाहीर'चं परीक्षण.