पाइपच्या स्पेकमधलं (स्पेसिफिकेशनमधलं) 'मॉडिफाइड' म्हणजे काय? नवीन लोकांसाठी

अरे घाबरू नकोस, सुरुवातीला सगळ्यांचाच इथे गोंधळ उडतो. सगळे ग्रेड पाठ करायला जाऊ नको, आधी एकच जोडी नीट समजून घे, एएसटीएम ए३३५ (जास्त तापमानाला वापरायच्या अलॉय स्टील पाइपचं अमेरिकन स्पेक) मधली पी९ आणि पी९१.

दोन्हींत क्रोमियम साधारण ९ टक्के आणि मॉली (मॉलिब्डेनम) १ टक्का, म्हणून लोक म्हणतात सारखंच आहे, पण पी९१ मध्ये व्हॅनेडियम, निओबियम आणि नायट्रोजन मोजून टाकलेलं असतं, तेच ते 'मॉडिफाइड', आणि त्या चिमूटभर मालाने किमान यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला-ताणायला लागतं तो आकडा) २०५ वरून थेट ४१५ एमपीएवर (मेगापास्कल) जातं, शिवाय गरम स्टीमखाली पाइप वर्षानुवर्षं टिकतो. पॉवर प्लँटवाले उगाच जास्त पैसे मोजत नाहीत!

नवीन मुलं हमखास चुकतात ते इथे:

- नुसतं '९ क्रोम' लिहून ऑर्डर टाकतात. स्पेक आणि ग्रेड पूर्ण लिही, पी९१ असेल तर टाइप १ की टाइप २ (रासायनिक घटकांच्या मर्यादांवरून पडलेले त्याचे दोन प्रकार) तेपण.
- पाइपसोबत येणाऱ्या मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर फक्त क्रोमियम बघतात. छोटे आकडे (व्हॅनेडियम, निओबियम, नायट्रोजन) आणि हीट ट्रीटमेंटची ओळ आधी वाच, पी९१ नॉर्मलाइज (खूप तापवून हवेत थंड) आणि टेम्पर (मग कमी तापमानाला पुन्हा तापवलेला) झालेला पाहिजे. हीट नंबर (स्टील वितळवलेल्या घाण्याचा नंबर) पाइपवरच्या मार्किंगशी स्वतः जुळव.
- पी९ चा वेल्डिंग रॉड पी९१ ला लावतात. अजिबात नाही, आणि वेल्डनंतरची हीट ट्रीटमेंटसुद्धा टाळायची नाही.

क्रीप कर्व्ह, टाइप फोर क्रॅकिंग वगैरे आत्ता बाजूला ठेव. आधी दोन-चार खरी सर्टिफिकेटं घेऊन स्पेकच्या टेबलशी ओळीने ताडून बघ, अडलास की बिनधास्त विचार.