मॅटवरचे बूट

चि. ओवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हायस्कूलचा एक माजी पैलवान पुढे पोलीस झाला आणि कर्तव्य बजावताना मारला गेला. यंदाची स्पर्धा त्याच्या स्मरणार्थ असून, सुरुवातीला त्याचे जुने बूट मॅटच्या मध्यभागी ठेवणार आहेत. आपल्याकडे तालमीबाहेरच पायताण काढतात, मग त्या बुटांना नमस्कार करावा का, असे तू विचारले आहेस.

अवश्य करावा. अमेरिकेत निवृत्त होणारा कुस्तीगीर शेवटच्या लढतीनंतर बूट मॅटवर ठेवून जातो; त्याचे बूट म्हणजे त्याची सारी कुस्ती. आपणही आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांतून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाच नेतो आणि त्यांच्यावर डोके ठेवतो. ज्या पावलांनी कोणी चांगल्या वाटेने गेले, त्या पावलांपुढे वाकणे हे आपल्या रीतीला धरूनच आहे.

गावाकडे अशा माणसाच्या स्मरणार्थ जत्रेत कुस्त्यांचे मैदान भरवतात. तसबिरीला हार घालतात, घरच्यांना मानाने बोलावतात, आखाड्याचे पूजन होते आणि मग हलगी कडाडू लागते. तिथे शांतता फार वेळ टिकत नाही, पण त्यात अनादर नसतो, कारण ज्या मातीत तो घुमला त्याच मातीत नव्या पोरांनी भिडावे, हाच त्याचा खरा मान, असे गाव मानते.

कुस्तीकडून पोलिसात जाण्याची वाटही आपल्याकडे जुनीच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, आणि १९५५ मध्ये ते फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळाला, आणि ही दिरंगाई मला आजही खुपते. त्यांच्याच सातारा जिल्ह्यातले तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना पुढे झाले, आणि गोळ्या झेलतही त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

त्या दिवशी तुझ्या शाळेतील पैलवानाचे आईवडील आले असतील, तर आधी त्यांना भेट आणि मग मॅटकडे जा. नमस्कार करण्यापूर्वी प्रशिक्षकांना एका वाक्यात कल्पना दे, म्हणजे कोणाचा गैरसमज होणार नाही.

तुझे बाबा