खरखरणारे इनपुट सॉकेट

प्रश्न : माझ्या गिटारच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये पिन जरा हलली की खरखर होते आणि आवाज जातो. केबल बदलूनही फरक पडला नाही. सॉकेट घरी दुरुस्त करता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : केबल आधी बदलून पाहिलीत, हे उत्तम केलेत. आता दोष बहुधा सॉकेटच्या आत पिनला टेकणाऱ्या, सैल वा काळवंडलेल्या धातूच्या पत्तीत किंवा त्याच्या सोल्डरच्या (डाखाच्या) जोडात असावा. सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवलेले असेल, तर केबलला बसणारा प्रत्येक हिसका त्या जोडांवर येतो आणि बोर्डात बसवलेल्या सॉकेटच्या पायाभोवती बारीक गोल तडा जातो. तो भिंगातून दिसतो. असा जोड नुसता तापवू नये, जुने सोल्डर काढून नवे भरावे. आपल्या शहरात यंत्रमागांजवळ राहणाऱ्यांनी आत साचलेली कापसाची तूसही पाहावी. पत्ती कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावी. तेल मुळीच घालू नये.

सॉकेट बदलायचेच असेल, तर ६.३५ मिलिमीटरचे, आणि तारा जोडायची टोके जुन्याइतकीच असलेले घ्यावे, कारण अनेक सॉकेटांत पिन काढताच इनपुट ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडणारी एक जादा पत्ती असते व तिच्यामुळेच पिन न लावलेला अँप्लिफायर गुणगुणत नाही. नट आवळताना सॉकेट आतून धरावे, नाहीतर ते फिरून तारा तुटतात.

उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने तपासावे. ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) असलेल्या अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. तो जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावा, ही माझी कळकळीची विनंती.