पूरक आरोग्य विमा: दोघांसाठी की एकासाठी?

मूळ आरोग्य विम्यातून डॉक्टरांच्या फीचा मोठा भाग मिळतो, पण उरलेला दर भेटीला खिशातून जातो. तो भरून देणारी खासगी पूरक पॉलिसी स्वतःसाठी आणि उच्च रक्तदाब असलेल्या पत्नीसाठी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. असा विमा असला की माणूस उठसूट दवाखान्यात जातो, असे आपले मित्र म्हणतात.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पूरक विमा असलेले लोक डॉक्टरांकडे अधिक जातात, पण ज्यांना वारंवार जावे लागणार हे ठाऊक असते, तेच असा विमा आवर्जून घेतात. हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात कुटुंबांना विमा योजना निवडू न देता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून दिल्या. ज्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत ९५ टक्के खर्च स्वतः करावा लागे, त्यांचा एकूण वैद्यकीय खर्च मोफत उपचार मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिला. मात्र एकदा डॉक्टर गाठल्यावर पुढच्या उपचारांवरचा खर्च फारसा बदलला नाही. फरक पडला तो मुळात जायचे की नाही, या निर्णयात. शिवाय अनावश्यक भेटींबरोबर आवश्यक भेटीही टळल्या, आणि रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांना मोफत उपचारांचा स्पष्ट फायदा झाला.

म्हणून मी दोघांचा विचार वेगळा करेन. आपण क्वचितच आजारी पडता. विमा कंपनी हप्ता ठरवताना सर्वांच्या वाढीव भेटी आणि स्वतःचा खर्च धरतेच, त्यामुळे लहानसहान फीसाठी विमा घेणे सहसा महागच पडते. त्यापेक्षा ती रक्कम बाजूला ठेवावी. पत्नीबाबत मात्र, फीचा विचार करून त्या फेरतपासणी पुढे ढकलतात, हे आपल्या पत्रातले एकच वाक्य मला निर्णायक वाटते. त्यांच्यासाठी पॉलिसी घ्यावी, परंतु सही करण्यापूर्वी आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी, वर्षाला किती भेटींचे पैसे मिळतात आणि वयानुसार हप्ता कसा वाढतो, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. प्रतीक्षा कालावधी लांब असेल, तर तोवरच्या तपासण्यांचे पैसे आताच वेगळे काढून ठेवावेत.