ग्लासगोला शिकायला आलेय, नोव्हेंबरपासून सारखी झोप येते आणि उदास वाटतं, काय करू?

तुझं काही चुकत नाहीये गं, आधी ते मनातून काढ. डिसेंबरात पुण्यात अकरा तासांचा दिवस असतो आणि ग्लासगोत पावणेनऊला उजाडतं नि पावणेचारला मावळतं, त्यात ढग, मग शरीराचं घड्याळ गोंधळणारच.

सगळ्यात महत्त्वाचा सकाळचा उजेड. उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालून ये, पाऊस असला तरी, कारण ढगाळ आकाशसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतं. तरी जमत नसेल तर 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) लाइट थेरपी लॅम्प मिळतो, उठल्यावर चहा पिताना अर्धा तास समोर ठेवायचा, थेट त्यात बघायचं नाही, आणि संध्याकाळी अजिबात नको, झोप उडते. बायपोलर (मूड टोकाचा वरखाली होण्याचा आजार) किंवा डोळ्यांचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

व्हिटॅमिन डी घेच, तिथे हिवाळ्यात उन्हातून मिळतच नाही, सरकारी सल्लाच आहे रोज 10 मायक्रोग्रॅमचा, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर.

चारला अंधार पडला की एकटी खोलीत बसू नकोस, तेव्हा भारतात साडेनऊ वाजलेले असतात, जेवणं उरकलेली असतात, आईला निवांत फोन कर किंवा मैत्रिणींबरोबर खिचडी टाक.

पण दोन आठवडे रोज असंच वाटत राहिलं, अभ्यास होईना, तर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. आणि जगणंच नको असं वाटलं तर लगेच 116 123 ला फोन कर, सॅमॅरिटन्स या मनातलं ऐकून घेणाऱ्या मदत संस्थेचा आहे, फुकट आणि रात्रीसुद्धा चालू असतो.