उंची वाढवलेली गाडी पासिंगला कशी न्यावी?

प्रश्न : माझ्याकडे २०११ साली नोंदणी झालेली डिझेल ‘थार’ आहे. पावसाळ्यात मिलन सबवेजवळ पाणी साचते आणि सुटीत आम्ही लोणावळ्याच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जातो, म्हणून मी गॅरेजमधून गाडीला तीन इंचांची लिफ्ट करून घेतली. ३३ इंची टायर, पुढे लोखंडी गार्ड आणि छतावर एलईडी दिव्यांची पट्टीही बसवली. आता नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होत आहेत. एजंटचे म्हणणे असे, की त्या दिवसापुरती जुनी चाके लावून गाडी न्यावी, बाकीचे कोणी पाहत नाही. हा सल्ला मानावा का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : मानू नये. गाडी आहे त्या अवस्थेत पासिंगला नेली, तर ती परत पाठवली जाण्याची शक्यता अधिक आहे. आणि नजरचुकीने पास झालीच, तरी पुढची पाच वर्षे ती तुम्हालाच रस्त्यावर चालवायची आहे, याचा विचार एजंटच्या सल्ल्यात नाही.

प्रथम कायद्याचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात ठरवून दिलेले तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सीएनजी किट बसवणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणे, असे काही अपवाद आहेत. त्यांतही परवानगी आणि प्रमाणपत्रावरील नोंद सुटत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ मालकांना सवलत न देणारा लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द तुमच्यासारख्या मालकांनी नीट वाचावेत, कारण लिफ्ट, टायर, गार्ड आणि दिवे अशी मोजदाद सुरू झाली तर ती एकावर थांबत नाही.

यावर हौशी मंडळी एक युक्तिवाद करतात. खासगी गाडीच्या आरसीवर सस्पेन्शनची उंची लिहिलेलीच नसते, मग तफावत पडतेच कुठे, असे ते विचारतात. ऐकायला हा मुद्दा बिनतोड वाटतो. पण गाडी बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तिच्या नमुन्याची चाचणी होते, आणि त्या चाचणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर हे सगळे कारखान्यातून निघालेल्या उंचीवरच तपासलेले असते. शिवाय तुमची गाडी पाहणारा मोटार वाहन निरीक्षक आरसीवरचा कागद तेवढा पाहत नाही. गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याला आहेच. हा युक्तिवाद समाजमाध्यमांवर खपतो, निरीक्षणाच्या मैदानावर खपत नाही.

आता प्रत्यक्ष गाडीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. तुमच्या गाडीचा पुढचा भाग टॉर्शन बारवर, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांडीवर, आणि मागचा भाग कमानपाट्यांवर तोललेला असतो. गॅरेजवाले बहुधा पुढे टॉर्शन बारचे नट आवळतात आणि मागे लांब शॅकल (पाट्यांचे टोक चेसिसला जोडणारी कडी) घालतात. पुढचा भाग मागच्या तुलनेत पाच सेंटिमीटरने जरी अधिक वर राहिला, तरी २,४३० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतरावर) गाडीला सुमारे दोन टक्के चढ मिळतो. हेडलाइटचा लो बीम साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे तो आता खाली पडण्याऐवजी तेवढाच वर जातो, आणि २५ मीटरवर त्याची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षाही २५ सेंटिमीटर वर, समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत पोहोचते. कसारा घाटात रात्री समोरच्या गाडीने लो बीम लावूनही डोळे दिपतात, त्याचे कारण अनेकदा हेच असते. तपासणी घरीही करता येते. सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि लो बीम लावून पाहावा. उजेडाची वरची कड त्या रेषेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे.

दिवे निदान स्क्रूने खाली करता येतात. ब्रेकचे तसे नाही. चाक खाली लोंबले, की त्याच्याकडे जाणारा रबरी ब्रेक होज ताणला जातो, आणि स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवल्यावर तो पूर्ण ताठ होत असेल तर ते पुढच्या अपघाताचे आमंत्रण असते. निरीक्षक वाकून पाहतो ते हेच. टॉर्शन बार फार आवळल्यास पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, त्यावरची रबरी टोपी फाटते, ग्रीस बाहेर पडते आणि पहिल्याच पावसाळ्यात आतला सांधा खडखडू लागतो. मागे लांब शॅकलमुळे प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलून ठरावीक वेगाला गाडी थरथरते. याखेरीज काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व असतो. गाडी किती खाली बसली आहे त्यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढा ब्रेक देतो. मागचा भाग कायमचा वर उचलला, की हा व्हॉल्व गाडी रिकामी आहे असेच समजतो आणि गाडी भरलेली असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात. लिफ्ट किट विकणारा हे सहसा सांगत नाही.

टायरचा हिशोब त्या मानाने सोपा आहे. तुमच्या गाडीचे मूळ टायर २३५/७० आर१६ मापाचे, म्हणजे सुमारे ७३५ मिलिमीटर व्यासाचे. ३३ इंची टायरचा व्यास सुमारे ८३८ मिलिमीटर भरतो, म्हणजे १४ टक्क्यांनी अधिक. स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी ९१ ने धावत असते, आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर येणारे वेगाचे चलान मग अन्यायाचे वाटू लागते. इंजिनावर आणि क्लचवर ताण येतो तो वेगळाच.

ज्या पाण्यासाठी हा खटाटोप केला, त्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. स्प्रिंगची उंची वाढवल्याने बॉडी वर जाते, पण मागचा ॲक्सल आणि त्यावरचा डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा आहे तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्म्याने, म्हणजे तुमच्या बाबतीत जेमतेम पाच सेंटिमीटर. सबवेत पाणी भरले की तो वाहतुकीला बंदच केला जातो, तेव्हा तीन इंच जास्त असले काय आणि नसले काय.

म्हणून माझा सल्ला असा, की चाकांबरोबर सस्पेन्शनही मूळ स्थितीत आणावे आणि ते तसेच ठेवावे. काढलेले शॅकल किंवा पाटे गॅरेजवाल्याने टाकून दिले असतील, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात, पण पाट्यांच्या बाबतीत नवे घेणे शहाणपणाचे. टॉर्शन बार सैल केल्यानंतर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी नेऊ नये. टायर मूळ मापाचेच, किंवा त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने पुस्तिकेत दिलेल्या दुसऱ्या मापाचे असावेत, आणि त्यांची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी. लोखंडी गार्ड उतरवावा. असे गार्ड कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. एअरबॅगच्या सेन्सरला गार्डमुळे अडथळा होतो, हे त्यामागचे एक कारण. तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, पण समोर पादचारी आहेतच. छतावरची पट्टी वायरिंगसह काढावी, नुसती झाकू नये.

कागदपत्रांचे काम विशेष अवघड नाही. नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो, आणि तो ‘परिवहन’ संकेतस्थळावरून भरून निरीक्षणाची वेळ घ्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू असावेत, थकलेली चलाने भरलेली असावीत, कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला असावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, तीही आधीच बसवून घ्यावी. चेसिस क्रमांकाभोवतीचा चिखल आणि ग्रीस आदल्या दिवशी पुसून ठेवावे. तो क्रमांक वाचता आला नाही म्हणून रांगेतून परतलेले लोक कमी नाहीत. नूतनीकरणाचे शुल्क हलक्या मोटार वाहनासाठी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जास्त, आणि त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीतील दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध मुंबईला लागू नाहीत, तेव्हा ती धास्ती बाळगू नये. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते.

गाडी नाकारली गेली, तर कारणे लेखी मागून घ्यावीत आणि दुरुस्ती करून पुन्हा न्यावी. निर्णय चुकीचा वाटत असल्यास कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. मात्र लिफ्ट तशीच ठेवून अपिलात जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत राहतो. त्याचा पिकअप ट्रक माझ्या छातीएवढ्या बॉनेटचा आहे आणि तो तिथे राजरोस चालतो. तिकडे चालते ते इकडे का चालू नये? (एक वाचक, दादर)

उत्तर : तिकडे गाडीची तपासणी हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे. काही राज्यांत दरवर्षी परवानाधारक गॅरेजमधून तपासणी करावी लागते, कित्येक राज्यांत मुळीच नाही, आणि टेक्साससारख्या मोठ्या राज्याने खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. पण तिकडे काहीही चालते, असा त्याचा अर्थ नाही. उंची वाढवण्यास सरसकट बंदी घालण्याऐवजी अनेक राज्ये ती मोजतात : गाडीच्या वजनाप्रमाणे बंपर जमिनीपासून किती वर असावा, याची मर्यादा ठरलेली असते, आणि हेडलाइट जमिनीपासून २२ ते ५४ इंचांच्या, म्हणजे साधारण ५६ ते १३७ सेंटिमीटरच्या दरम्यान असावे लागतात. मला स्वतःला मोजून मर्यादा घालण्याची ती पद्धत अधिक समंजस वाटते, कारण तीत मालकाला काय करता येईल हे आधी कळते. परंतु आपल्याकडे कायदा तसा नाही, आणि निरीक्षकापुढे पुतण्याच्या ट्रकचा दाखला देऊन उपयोग नाही.

प्रश्न : आमचा पिकअप टेम्पो वाशीच्या बाजारातून दादरला कांदा-बटाटा आणतो. माल भरल्यावर मागे बसतो म्हणून मेकॅनिकने दोन्ही बाजूंना जादा पाटे घातले; आता रिकामी गाडी मागून बरीच उंच दिसते. फिटनेसला अडचण येईल का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : येईल, आणि खासगी गाडीपेक्षा लवकर येईल. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचे माप आणि प्रत्येक ॲक्सलवरील वजन यांची नोंद असते, आणि गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, म्हणजे तपासणाऱ्याची नजर वारंवार पडते.

पाटे वाढवल्याने गाडीची वाहण्याची क्षमता वाढली असे तुम्हाला वाटत असेल, तर ते तेवढे मनातून काढून टाकावे. गाडी किती वजन उचलेल हे पाट्यांवर जितके ठरते, तितकेच ते ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेकवर ठरते, आणि यातले काहीच तुमच्या मेकॅनिकने बदललेले नाही. आरसीवरचे एकूण वजन तेच राहते. जादा भाराला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, व जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. कांद्याच्या एका फेरीत एवढे सुटतही नसेल. रिकामी परतताना ताठ पाट्यांवर मागची चाके उडतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच आडवी सरकतात, हे तुमच्या चालकाला विचारल्यास तो सांगेल.

नोंदलेल्या वजनाच्या आतच माल भरूनही गाडी बसत असेल, तर मूळ पाटे थकले आहेत. त्यांचा संच उत्पादकाच्या मापाचा नवा घालावा, मधल्या बोल्टची आणि शॅकलच्या बुशची झीज त्याच वेळी तपासून घ्यावी, मागच्या रिफ्लेक्टर पट्ट्या निघाल्या असल्यास नव्या लावाव्यात, आणि मग फिटनेसची वेळ घ्यावी. नव्या पाट्यांवर माल भरून गाडी काही दिवस चालली, की पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट थोडे सैल पडतात. ते पुन्हा आवळून घेतल्यानंतरच गाडी तपासणीला न्यावी.